राखण गावाची, तर निर्णयही गावाचा

गावाभोवतीचे रान, तळे, किनारा किंवा माळ राखणाऱ्या माणसांचे आपल्याकडे कौतुक भरपूर होते. त्यांना विचारले मात्र क्वचितच जाते. पाच जूनला, पर्यावरणदिनी, शाल-श्रीफळ मिळते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते, साहेबांच्या भाषणात गावाचे नाव निघते. पण त्याच किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक बंधारा कुठे घालायचा, रानातला बांबू कोणी आणि कधी तोडायचा, तळ्याकाठच्या शेतांवरून विजेची तार कशी न्यायची, हे ठरते तेव्हा या माणसांची आठवण कोणालाच होत नाही. महाराष्ट्रातल्या गावांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे निसर्गरक्षण केले, त्याकडे पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. जिथे राखणाऱ्यांच्या हाती निर्णयाचा थोडाफार अधिकार आला आणि राखणीचा खर्च कोणीतरी उचलला, तिथे काम टिकले. जिथे ते चार उत्साही तरुणांच्या चांगुलपणावर उभे होते, तिथे ती मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेली की थांबले. स्वयंसेवकांचे आभार आता पुष्कळ मानून झाले. त्यांना अधिकार देण्याची वेळ आली आहे, असे माझे म्हणणे आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, बाणकोटजवळ, वेळास हे लहानसे गाव आहे. पूर्वी नाना फडणवीसांचे गाव म्हणून ते लोकांना ठाऊक होते. गेल्या वीस-बावीस वर्षांत ते कासवांचे गाव झाले. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि वाळू सारखी करून समुद्रात परततात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. म्हणजे कागदावर त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. तरी कोकणात ही अंडी काढून खाणे आणि विकणे सर्रास चालत असे, कारण त्या वाळूपर्यंत कायदा कधी पोचलाच नव्हता. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांच्या घरट्यांची पाहणी करत फिरत असताना त्यांना वेळासच्या किनाऱ्यावर अंड्यांची टरफले आढळली. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि पहिल्याच हंगामात ५०च्या आसपास घरटी वाचली.

ही राखण म्हणजे नेमके काय, हे शहरातल्या वाचकाला सहज कळत नाही. हंगामात रोज पहाटे, भरतीने खुणा पुसायच्या आत, सगळा किनारा पायी पालथा घालावा लागतो. मादीचे येतानाचे आणि जातानाचे माग वाळूवर ओळखायचे, त्यांच्यामधली भुसभुशीत जागा शोधायची, कुत्री-कोल्ह्यांच्या आधी तिथे पोचायचे. अंडी घातल्यावर थोड्या तासांतच हलवायची, तीही न हिसकता आणि न उलटवता. नाहीतर आतला गर्भ मरतो. कुंपणाच्या आत पुन्हा तेवढ्याच खोलीचा खड्डा करून ती पुरायची, तारीख आणि संख्या लिहून ठेवायची. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वर येतात. त्या दिवसांत टोपली झाकून सकाळ-संध्याकाळ पाहणी करायची आणि पिल्ले निघाली की उशीर न करता त्यांना पाण्याकडे सोडायचे. हे काम एका दिवसाच्या श्रमदानाचे नाही. त्यात सरावाने आलेले ज्ञान आहे, झोपमोड आहे, त्या महिन्यांत दुसरी मजुरी सोडण्याची तयारी आहे. असे काम माणूस एक वर्ष हौसेने करतो, दोन वर्षे करतो. वीस वर्षे करायचे तर त्यामागे घर चालले पाहिजे.

वेळासने हे घराचे गणित लवकर ओळखले. २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणाऱ्यांची उतरायची आणि जेवणाची सोय गावातल्या घरांमध्येच झाली. पैसा बाहेरच्या हॉटेलवाल्याकडे न जाता चुलीपाशी आला, आणि त्यात बायकांच्या हातालाही मोल मिळाले. वनखात्याने घरटी राखणाऱ्या कासवमित्रांना मानधन सुरू केले. ज्या घरट्याची अंडी एके काळी बाजारात गेली असती, ते घरटे जिवंत राहण्यात अख्ख्या आळीचा फायदा दिसू लागला. पुढे आंजर्ले आणि कोकणातले इतर अनेक किनारे याच वाटेने गेले. गेल्या काही हंगामांत राज्यात घरट्यांच्या नोंदी बऱ्याच वाढल्या आहेत. ही सगळी वाढ कासवांच्या संख्येतली आहे, असे म्हणण्याची घाई मी करणार नाही. जास्त किनारे चालले जाऊ लागले म्हणूनही नोंदी वाढतात. पण तेही गावांचेच काम आहे.

इथे काळाचा हिशेब फार महत्त्वाचा आहे. कासवाचे पिल्लू अंडी घालण्याच्या वयात यायला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि हजारांतली फार थोडी पिल्ले त्या वयापर्यंत पोचतात. २००३ मध्ये समुद्रात सोडलेल्या पिल्लाने काही दिले असेल तर ते अलीकडच्या हंगामांत. आपल्या सरकारी योजना तीन वर्षांच्या, कंपन्यांच्या सामाजिक निधीचे प्रकल्प एक-दोन वर्षांचे, आणि अहवालात दाखवायचे ‘फलित’ मार्चअखेर हवे. जिथे एका पिढीनंतर फळ मिळायचे, तिथे पैसा देणारे बदलत राहतात. कायम राहते ते गाव. म्हणून मुक्कामाला असलेल्या माणसाच्या हाती सूत्रे देणे ही कोणावर केलेली मेहेरबानी नाही, ती कामाची गरज आहे.

शास्त्रज्ञांकडून येणारा एक आक्षेप वजनदार आहे. अंडी उचलून कुंपणात पुरणे ही मुळात तडजोड आहे. घरटे जिथे आहे तिथेच राखणे सर्वांत चांगले. त्यात भर म्हणजे कासवाच्या पिल्लाचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते. साधारण २९ ते ३१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान कुठेतरी नर-माद्या समसमान होतात. त्याहून वाळू तापली तर माद्याच जास्त निपजतात, आणि आणखी तापली तर गर्भ दगावतो. एका कुंपणात दाटीवाटीने पुरलेली घरटी कोकणातल्या मार्चच्या उन्हात सापडली तर चांगल्या हेतूनेही नुकसान होऊ शकते. आक्षेप खरा आहे, पण तो गावाच्या विरोधात जात नाही. घरटे जागेवर राखायचे तर एका कुंपणावर एक राखणदार पुरत नाही. प्रत्येक घरट्याला डोळा लागतो, आणि तो गावाशिवाय कोणाकडे आहे? कुंपणावर सावली कधी धरायची, कोणत्या पट्ट्यातली घरटी भरतीपासून सुरक्षित आहेत म्हणून हलवायची नाहीत, हे वाळूत रोज हात घालणाऱ्याला आधी समजते. त्याला तापमापक द्या, त्याची वही अभ्यासकांनी वाचावी, आणि सावली धरण्यासाठी त्याला वरून परवानगीची वाट पाहायला लावू नका.

जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह-टॅग बसवले गेले. ‘प्रथमा’ हे तिचे नाव. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेला असे टॅग लावण्याची ती सुरुवात होती. पुढे २०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर ओडिशात २०२१ साली लावलेली खूण सापडली. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवे वेगळी, ही समजूत त्या एका खुणेने हलली. आणि ती खूण सापडली ती किनाऱ्यावर रात्री माणसे हजर होती म्हणून. पण याच गोष्टींतून गावाच्या हाताची लांबीही कळते. कासवाचे जग हजारो किलोमीटरचे, गावाचा किनारा दोन-तीन किलोमीटरचा. खोल समुद्रात ते जाळ्यात अडकले तर कासवमित्र काय करणार? तिथे धोरण लागते. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून एक शहाणी योजना चालू आहे. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर छायाचित्राच्या पुराव्यावर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मच्छीमाराला कोणी उपदेश केला नाही. त्याच्या फाटलेल्या जाळ्याची किंमत मान्य केली. राखणीला खर्च असतो आणि तो गरिबाने एकट्याने सोसायचा नसतो, एवढे साधे तत्त्व त्यामागे आहे.

जे गावाच्या हातात नाही, त्याचा दाखला राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गोंदिया जिल्ह्यात मिळतो. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांतला सर्वांत उंच पक्षी. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया आणि त्याच्या आसपास उरला आहे. तो भाताच्या बांधीत घरटे करतो, म्हणजे त्याचे घर शेतकऱ्याच्या पिकात असते. घरट्याभोवतीचा धानाचा तुकडा शेतकऱ्याने तसाच सोडला तर पिल्ले जगतात, नाहीतर नाही. सेवा या स्थानिक संस्थेचे कार्यकर्ते आणि सारसमित्र शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे ही घरटी जपली, पिल्ले मोजली; ते शाळाशाळांतून फिरले. तरी सारस मेले ते बऱ्याचदा विजेच्या तारांना अडकून. तार कुठून जाणार, ती जमिनीखालून न्यायची की वरून, तिच्यावर पक्ष्यांना दिसतील अशा खुणा लावायच्या की नाही, हे ठरवताना सारसमित्राला कोणी विचारले नव्हते. शेवटी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्याने घरट्यासाठी स्वतःच्या शेतातला धान सोडला, त्याचे म्हणणे ऐकले जायला उच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागते, ही स्थिती लाजिरवाणी आहे.

आता उलट बाजू पाहू. अधिकार खरोखर गावाकडे गेला तर काय होते? गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे जेमतेम पाचशे वस्तीचे गोंड गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गावाने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून आपले रान राखायला घेतले. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घ्यायचे. एकाचाही विरोध असेल तर पुन्हा बसायचे. अभ्यासगट करून कायदे वाचायचे, मग सरकारशी बोलायचे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथलीच. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाला मिळाला. देशात तो मिळवणाऱ्या पहिल्या गावांत मेंढा होते. पण हक्काचा कागद हाती येऊनही बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना वनखाते देईना. वीस वर्षे जे रान राखले, त्यातला बांबू रस्त्यावर आणला तर तो चोरीचा माल ठरणार! एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती सोपवला गेला, तेव्हा कोठे हक्काला अर्थ आला. अधिकार कागदावर मिळणे आणि तो वापरता येणे यांत केवढे अंतर असते, ते या दोन वर्षांत दिसले.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचे उदाहरण मला त्याहून बोलके वाटते, कारण तिथे गावाने पैशावर पाणी सोडले. २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर या गावाला हक्क मिळाला आणि बांबूपासून चांगले उत्पन्न सुरू झाले. तेंदूपानांपासूनही ते मिळाले असते. विदर्भात तेंदूचा हंगाम म्हणजे उन्हाळ्यातली रोख कमाई. पण पानांना कोवळी फूट यावी म्हणून झुडपे छाटतात, कित्येक ठिकाणी आगी लावतात. झाडे खुरटतात आणि तेंदूची, म्हणजे टेंभुर्णीची, फळे पाखरांना मिळत नाहीत, माणसांनाही नाही. पाचगावच्या ग्रामसभेने चर्चा करून तेंदूपाने तोडणेच बंद केले. शिवाय जंगलाचा ३४ हेक्टरांचा तुकडा देवराईसारखा राखून ठेवला. तिथे कोणी काहीही तोडायचे नाही. पाळीपाळीने घरे जंगलात गस्त घालू लागली. माधव गाडगीळ यांनी या गावाबद्दल आवर्जून लिहिले आहे. सत्तरच्या दशकात वा. द. वर्तक आणि गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून जे दाखवले होते, ते इथे नव्या काळात पुन्हा घडले. मर्यादा लोक स्वतः घालून घेतात, फक्त उद्याही ते रान आपलेच राहणार याची त्यांना खात्री हवी. ज्याला ही खात्री नाही तो आजच तोडतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच सामायिक संपत्तीच्या अभ्यासासाठी. नियम करण्यात ज्यांचा हात असतो, तेच ते नियम नीट पाळतात आणि पाळून घेतात, हे त्यांनी अनेक देशांतल्या उदाहरणांवरून मांडले. आपले कायदेही तेच म्हणतात. वनहक्क कायद्याचे पाचवे कलम ग्रामसभेला वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार देते. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला व्यवस्थापन समिती नेमायला सांगितले, तिच्यात एक तृतीयांश बायका असाव्यात असा नियम झाला. तरी २०१६ मध्ये साऱ्या देशात अशा समित्या दहा हजारही नव्हत्या. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली, दंडाची तंबी दिली, आणि बघता बघता समित्यांची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली. एवढ्या घाईत नेमलेल्या समित्यांपैकी किती गावांत लोकांनी एकत्र बसून आपल्या ओढ्या-माळांची नोंद केली असेल? पुष्कळ सभासदांना आपण सभासद आहोत हेही ठाऊक नाही. लोकजैवविविधता नोंदवही कपाटात पडून आहे आणि गावाच्या हद्दीत खाणीचा किंवा रस्त्याचा प्रस्ताव आला तर ती कोणी उघडत नाही. १९९२ पासून चालत आलेल्या संयुक्त वनव्यवस्थापनातही दुखणे तेच: समिती गावाची, सचिव वनखात्याचा कर्मचारी. वणवा विझवायला गावाने धावायचे, जाळरेषा गावाने काढायच्या, आणि खर्च कशावर करायचा ते मात्र खात्याने सांगायचे.

‘गाव, गाव’ म्हणता ते गाव एकजिनसी असते का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो योग्यच आहे. ग्रामसभेत बोलतो कोण? जमीनवाला, सरपंचाचा गट, ठेकेदार. गुराख्याचे, मासेमारी करणाऱ्या ढिवराचे, लाकूडफाटा आणणाऱ्या बाईचे म्हणणे तिथे पोचत नाही, आणि संरक्षणाच्या नावाखाली चराई बंद झाली की भार त्यांच्यावरच पडतो. हे घडते, आणि पुष्कळ ठिकाणी घडते. पण यावर अधिकार वरच्या कचेरीत ठेवणे हा उपाय नाही, कारण त्या कचेरीत गुराखी तर मुळीच पोचत नाही. मेंढ्याची सर्वसहमती वेळखाऊ आहे, कधीकधी वैताग आणणारीही असेल. पण तिच्यात शेवटच्या माणसाच्या ‘नाही’ला वजन आहे. पाड्यावर, वस्तीवर वेगळी ग्रामसभा घेण्याची सोय वनहक्क कायद्यात आणि पेसा (अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा) क्षेत्रात आहेच. बायकांची गणसंख्या खरोखर मोजली, चराईबंदीचा ठराव गुरे असलेल्यांच्या उपस्थितीशिवाय करायचा नाही असा नियम केला, तर यातले पुष्कळसे दोष निघू शकतील.

त्याहून अवघड आक्षेप बिबट्याचा. कासव पीक खात नाही, सारस माणसावर झडप घालत नाही. त्यांना जपणे सोपे. जुन्नर-शिरूरच्या उसात बिबटे आहेत, अलीकडे तिथे माणसे मेली आहेत, लहान मुले गेली आहेत. कोकणात वानर आणि डुकरे बाग उभी ठेवत नाहीत. तिथे गावाने राखण करायची म्हणजे काय? इथे माझा दावा मी मर्यादित ठेवतो. जिथे जिवाला धोका आहे तिथे संतापलेल्या जमावापुढे गावातल्या मुलाला फक्त जॅकेट घालून उभे करणे हा अन्याय आहे. ती जबाबदारी शासनाची. मात्र वरून घेतलेले निर्णय तिथेही आपोआप बरोबर ठरलेले नाहीत. २००१ ते २००३ या काळात जुन्नरमध्ये मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, ते त्या काळात १७ झाले. पिंजरा लावला की लोक शांत होतात, म्हणून पिंजरा लागतो. बिबट्या कुठल्या शेतात पिल्ले घेऊन आहे, रात्री कोणत्या वाटेने जातो, कोणत्या वस्तीवर दिवे नाहीत, ही माहिती वेळेवर देणारी आणि तिच्यावर अंमल करून घेऊ शकणारी गावाची फळी असेल तर शासनाचे कामही सुधारेल. पिकाच्या भरपाईचा पंचनामा महिनोन्महिने लटकत असेल तर त्या गावाकडून प्राणिप्रेमाची अपेक्षा करू नये.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आणखी एक अडचण आहे, जिचा विचार मुंबईतल्या बैठकांत फारसा होत नाही. तिथले पुष्कळसे जंगल खासगी मालकीचे आहे. वनखात्याचा तिथे फारसा संबंध नाही, आणि ग्रामसभेच्या सामूहिक हक्कालाही वाव थोडा. मालक उभे रान लाकूडतोड्याला देतो किंवा रबराच्या लागवडीला जमीन विकतो, कारण उभ्या रानातून त्याला काही मिळत नाही. ‘गावकरीच तोडतात, मग त्यांना काय अधिकार द्यायचा?’ असे तिथे विचारले जाते. पण वेळासला नेमके हेच बदलले होते: राखलेल्या गोष्टीतून घरात काही येऊ लागले. रान उभे ठेवणाऱ्या मालकाला दर वर्षी, ठरलेल्या तारखेला, सरकारने काही द्यावे. त्या रानामुळे पाणी साऱ्या खोऱ्याला मिळते, तर त्याची किंमत एकट्या सातबारावाल्याने का भरावी?

पर्यटनाबद्दलची काळजीही खोटी नाही. कासवांच्या किनाऱ्यावर मोबाइलचे दिवे, गर्दी, पिल्लांना हात लावण्याची हौस, प्लास्टिक हे सारे येते. किती माणसे एका वेळी किनाऱ्यावर सोडायची, दोरीच्या कोणत्या बाजूला उभे करायचे, कोणता आठवडा बंद ठेवायचा, हे ठरवण्याचा आणि न ऐकणाऱ्याला परत पाठवण्याचा कायदेशीर अधिकार कासवमित्राकडे नाही. तो हात जोडून विनंती करतो. दुचाकी वाळूवर घालणाऱ्या पर्यटकाला विनंती पुरत नाही.

शेवटी राहतो तो कार्यकर्त्यांच्याच मनातला संशय: गावावर सोपवले म्हणून शासन हात झटकणार. तो निराधार नाही. म्हणून अधिकार मागताना त्याबरोबर काय यायला हवे, तेही स्पष्ट मागितले पाहिजे. निधी तीन नव्हे, पंधरा वर्षांचा हवा आणि तो ग्रामसभेच्या खात्यात यावा. राखणदाराला मानधन, वणव्यात किंवा गस्तीवर इजा झाली तर विमा, आणि वनरक्षकाला ग्रामसभेच्या नियमांची अंमलबजावणी करण्याचा लेखी आदेश हवा. नोंदवहीत ज्या जागेची नोंद आहे, तिथे कोणत्याही खात्याचे काम सुरू होण्यापूर्वी ती वही प्रकल्प-अहवालाला जोडलेली असावी. आणि बंधारा, तार, रस्ता, खाण यांपैकी कशालाही ग्रामसभेने हरकत घेतली, तर जिल्हाधिकारी कार्यालयाने तीस दिवसांत कारणांसह लेखी उत्तर द्यावे. तोवर यंत्र हद्दीत येऊ नये. यातले बहुतेक काही करायला नवा कायदा लागत नाही. शासननिर्णय पुरेल, आणि तो येत्या नोव्हेंबरात पहिली मादी किनाऱ्यावर यायच्या आत काढता येईल.